पंधरा आटे

जाम झालेला स्पार्क प्लग सुटताना दोनपैकी एक आवाज करतो. पहिला ‘टक्’. कोरडा, छोटा, अडकित्त्यात सुपारी फुटावी तसा. इंजिनाच्या हेडवर दाबून बसलेल्या वायसरनं पकड सोडली, एवढाच त्याचा अर्थ. तो आला की मिस्त्रीचा चेहरा सैल होतो आणि पुढचं काम बोटांनी होतं. दुसरा ‘किर्रर्र’. तेल न घातलेल्या बिजागरीसारखा, पाना फिरेल तसा लांबत जाणारा. तो आला की हात जागच्या जागी थांबला पाहिजे, कारण आत धातू धातूला ओरबाडत असतो.

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात, एका गॅरेजच्या पत्र्याखाली, मी हे दोन्ही आवाज एकाच सकाळी ऐकले. आमची चार सिलिंडरची जुनी पेट्रोल गाडी चढावर मिसिंग मारत होती, म्हणून चारही प्लग बदलायचे होते. इंजिन पुरतं गार व्हावं म्हणून गाडी रात्रभर तिथंच उभी केली होती. पहिला, दुसरा आणि चौथा प्लग ‘टक्’ करून निघाले. तिसरा किरकिरला. मिस्त्रींनी पाना तिथंच सोडला, हात पुसले आणि म्हणाले, “ताई, आता ह्याला घाई करायची न्हाई. चहा घेऊया.”

त्या चहापासून प्लग हातात येईपर्यंत जवळजवळ तीन तास गेले. तेवढ्या वेळात मी त्या बोटभर वस्तूच्या प्रेमात पडले, आणि अजून बाहेर आलेले नाही.

निघालेल्या तिघांपैकी एक मिस्त्रींनी माझ्या तळहातावर ठेवला होता. आकाराच्या मानानं जड. वरचा भाग पांढराशुभ्र, गुळगुळीत. त्याला सगळे चिनी माती म्हणतात, पण तो असतो ॲल्युमिना, म्हणजे ॲल्युमिनियम आणि ऑक्सिजन यांचं संयुग, प्रचंड उष्णतेत भाजून दगडासारखं घट्ट केलेलं. हाच पदार्थ जमिनीच्या पोटात स्फटिक होऊन वाढला आणि त्यात चिमूटभर क्रोमियम आलं, की त्याला माणिक म्हणतात. क्रोमियमच्या जागी लोखंड आणि टायटॅनियम आलं की नीलम. कठीणपणाच्या ज्या मापावर हिरा १० वर आहे, त्यावर हे ९ वर. गाडीच्या बॉनेटखाली चार ठिकाणी माणकाचं सख्खं भावंड बसलेलं असतं, आणि आपण तेल बघायला बॉनेट उघडतो तेव्हा त्याच्याकडे नजरही जात नाही. ही गोष्ट पुढे पुन्हा येणार आहे, कारण प्लग फुटला की तोच कठीणपणा अंगावर येतो.

पांढऱ्या भागाखाली पोलादाचा षटकोन, म्हणजे पाना बसण्याची जागा. त्याच्याखाली आटे. आणि अगदी टोकाला एक बारीक खिळा, त्याच्यावर वाकलेली एक पट्टी, दोघांच्या मध्ये मिलिमीटरभर फट.

या फटीत काय होतं ते बघा. बॅटरी देते १२ व्होल्ट. इग्निशन कॉइल त्याचे २०-३० हजार करते. एवढे लागतात, कारण फटीतली हवा मोकळी नसते. पिस्टननं ती दहाएक पट दाबून आणलेली असते, आणि दाबलेली हवा वीज सहजासहजी पलीकडे जाऊ देत नाही. शेवटी ती हरते, ठिणगी पडते, पेट्रोलची वाफ पेटते आणि आतलं तापमान क्षणभर २००० अंशांच्या वर जातं. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल तर एका प्लगमध्ये हे सेकंदाला २५ वेळा घडतं. गाडी ताशी ४० च्या सरासरीनं ४० हजार किलोमीटर चालली आणि इंजिन सरासरी २००० फेऱ्यांवर राहिलं असं धरून मी हिशेब केला: एका प्लगच्या ६ कोटी ठिणग्या. १८६० साली एत्येन लेनुआर यांनी आपल्या गॅसवरच्या इंजिनात विजेची ठिणगी वापरली, आणि १९०२ मध्ये बॉशच्या कारखान्यात गोटलोब होनोल्ड यांनी उच्च दाबाचा मॅग्नेटो आणि त्याला साजेसा प्लग बनवला. तेव्हापासून या वस्तूचं मूळ रूप फारसं बदललेलं नाही. खिळा, पट्टी, फट.

पण माझं मन अडकलं ते आट्यांत.

आमच्या गाडीचा प्लग १४ मिलिमीटर व्यासाचा आणि आट्यांचा भाग १९ मिलिमीटर लांब. एका आट्यापासून दुसऱ्यापर्यंतचं अंतर सव्वा मिलिमीटर. म्हणजे सगळे मिळून साधारण १५ आटे. आटा म्हणजे दांड्याभोवती गुंडाळलेला चढ, दुसरं काही नाही. एका फेऱ्यात ४४ मिलिमीटर चालायचं आणि सव्वा मिलिमीटर चढायचं: ३५ ला १. कर्जतहून लोणावळ्याला जाणाऱ्या रेल्वेचा चढ ३७ ला १ आहे. खंडाळ्याच्या घाटाचा चढ एका बोटाच्या पेराभोवती पंधरा वेळा गुंडाळला की प्लगचे आटे तयार होतात. ही वाट उलगडून सरळ केली तर ६६ सेंटिमीटर भरते. दोन सेंटिमीटरही लांब नसलेल्या आट्यांत हातभर रस्ता मावलेला असतो, आणि प्लग काढायचा म्हणजे तो सगळा रस्ता उलटा उतरायचा.

या रस्त्यावर एकाच वेळी चार कामं चालतात, आणि ती कळली तेव्हा प्लग जाम का होतो हेही कळलं. पहिलं काम धरून ठेवण्याचं. पेट घेतलेल्या वायूचा दाब जोरात चालणाऱ्या इंजिनात हवेच्या पन्नास पटीवर जातो. १४ मिलिमीटरच्या भोकावर तो ७०-८० किलोचा धक्का होतो. एक धडधाकट माणूस सेकंदाला २५ वेळा प्लगला खालून लाथ मारतोय आणि प्लगनं हलायचं नाही. दुसरं, वायसरच्या साथीनं तोच वायू बाहेर फुसकू न देण्याचं. तिसरं काम विजेचं: ठिणगी पडून गेल्यावर वीज प्लगच्या पोलादी अंगातून, आट्यांतूनच हेडमध्ये उतरते आणि फेरा पुरा करते. आणि चौथं काम उष्णतेचं. प्लगच्या टोकाचं तापमान साधारण ५०० ते ८५० अंशांत राहावं लागतं. त्याखाली गेलं तर काजळी जळून जात नाही, वर गेलं तर तापलेलं टोकच निखाऱ्यासारखं वागून वेळेआधी पेट्रोल पेटवतं. ही मधली पट्टी सांभाळायची तर येणारी उष्णता लगेच कुठंतरी गेली पाहिजे, आणि तिची बहुतेक वाट आटे आणि वायसर यांच्यातून हेडमध्ये जाते. त्यासाठी प्लगचं पोलाद आणि हेडचं ॲल्युमिनियम एकमेकांना अगदी बिलगून हवेत. अशी मिठी मारलेले दोन धातू वर्षानुवर्षं तापत, निवत, पुन्हा तापत राहिले की एके दिवशी ते सुटायला नाखूष असतात.

त्यात तिसऱ्याची भर पडते. कधी खालून काजळी येऊन शेवटच्या दोन-तीन आट्यांत घट्ट भरते. कधी वरून पाणी येतं. पोलाद, ॲल्युमिनियम आणि ओल एकत्र आले की छोटी बॅटरीच तयार होते आणि त्यात ॲल्युमिनियम झिजतं. झिजून जे पांढरं खरवडं बनतं ते मूळ धातूपेक्षा जास्त जागा व्यापतं, म्हणून आट्यांच्या मधल्या केसाएवढ्या फटीत ते पाचरीसारखं बसतं. आणि कधी दोष आधीच्या हाताचा असतो. कुणीतरी प्लग गरजेच्या दुप्पट आवळलेला असतो.

एक कारण मात्र प्रगतीचंच आहे. निकेलच्या टोकाचा साधा प्लग वीस-चाळीस हजार किलोमीटरांत बदलावा लागायचा. त्याआधीच्या पिढीला तर दर काही महिन्यांनी प्लग काढून, पॉलिश पेपरनं घासून, फट मोजून परत बसवायची सवय होती. काढघाल होत असल्यानं आटे मोकळे राहायचे. आता अनेक प्लगांच्या टोकाला इरिडियम असतं. २४०० अंशांपलीकडे वितळणारा हा धातू पृथ्वीच्या कवचात अतिशय दुर्मीळ. ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी, सह्याद्रीचा काळा कातळ ओतला जात होता त्याच सुमारास, एक प्रचंड अशनी आदळला आणि त्यानं जगभरच्या मातीच्या एका पातळ थरात हाच धातू पसरला. त्याचा बारीकसा ठिपका टोकावर लावला की प्लग लाखभर किलोमीटर चालतो. म्हणजे लाखभर किलोमीटर त्याला कुणाचा हात लागत नाही. जितका टिकाऊ, तितका जाम व्हायला मोकळा वेळ.

या दोन टोकांचा, धरून ठेवणं आणि सोडणं यांचा, सगळ्यांत बोलका इतिहास अमेरिकेतल्या फोर्डच्या ट्रायटन इंजिनांचा आहे. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धातल्या या कुटुंबातल्या काही इंजिनांच्या हेडमध्ये प्लगला धरायला जेमतेम चारेक आटे होते. धक्के खाऊन खाऊन ते आटे जायचे आणि प्लग, डोक्यावरच्या कॉइलसकट, बंदुकीच्या गोळीसारखा वर उडायचा. पुढे तीन व्हॉल्व्हची नवी पिढी आली, २००४ पासून पिकअप ट्रकमध्ये बसू लागली, आणि तिथं बरोबर उलटं घडलं. या प्लगला आट्यांच्या खाली एक लांब, पातळ, गुळगुळीत नळी होती, ती वरच्या भागाला दाबून जोडलेली. नळी हेडमधल्या अरुंद भोकात जायची आणि तिच्याभोवतीच्या फटीत काजळी भरून सिमेंटसारखी पक्की व्हायची. पान्यानं जोर लावला की आटे सुटायचे, वरचा भाग बाहेर यायचा आणि नळी आतच राहायची. एकाच घराण्यात आधी प्लग थांबेनात, मग निघेनात!

फोर्डनं २००८ मध्ये मेकॅनिकांसाठी जे सूचनापत्रक काढलं, ते मला फार आवडतं, कारण त्यात एका मोठ्या कंपनीनं संयम पायरीपायरीनं लिहून काढला आहे. इंजिन गार असू द्या. हवेवर चालणारी गन वापरू नका. प्लग एक अष्टमांश ते एक चतुर्थांश फेराच सैल करा आणि थांबा. भोकात कार्ब्युरेटर साफ करायचं द्रावण ओता. किमान पंधरा मिनिटं मुरू द्या. मग पुढं, मग मागं, पुन्हा पुढं. तरीही नळी अडकलीच तर ती काढायचं वेगळं हत्यार आहे. उद्यमनगरातल्या आमच्या मिस्त्रींनी हे पत्रक पाहिलेलं असण्याचं कारण नाही. पण चहा संपवून ते उठले आणि त्यांनी जे केलं, ते याच क्रमानं केलं.

आधी कॉम्प्रेसरची नळी घेऊन त्यांनी प्लग ज्या खोल खळग्यात बसतो त्या विहिरीत हवा मारली. हे काम विसरलं तर प्लग निघताक्षणी भोवतीची वाळू सरळ सिलिंडरमध्ये पडते, आणि एक बारीक खडाही तिथं चरे पाडायला पुरतो. मग आट्यांच्या तोंडाशी जंग सोडवणारं पातळ तेल सोडलं. “आता ते आपलं आपण जातंय,” मिस्त्री म्हणाले. खरंच जातं. फट जितकी अरुंद, तितकं पातळ तेल तिच्यात जास्त ओढलं जातं; दिव्याच्या वातीत चढतं त्याच ओढीनं ते आट्यांच्या घाटात शिरतं. फक्त त्याला वेळ द्यावा लागतो.

तासाभरानं त्यांनी लांब दांड्याचा टी-पाना लावला आणि दोन्ही हातांनी दोन्ही बाजूंना सारखा जोर दिला. एकाच बाजूनं ओढलं तर पाना कलतो, आणि कललेला पाना आतल्या पांढऱ्या दांडीला मोडतो. पहिला जोर त्यांनी आवळायच्या दिशेनं दिला, सोडायच्या नव्हे. अगदी किंचित. मला आश्चर्य वाटलं, पण त्यात मर्म आहे: आट्यांत चिकटलेलं खरवडं उलट दिशेच्या झटक्यानं फुटतं आणि तेलाला नवी भेग मिळते. मग सोडायच्या दिशेनं अष्टमांश फेरा. किर्र. थांबले. परत मागं. पुन्हा तेल. पुन्हा वाट बघणं. एका अष्टमांश फेऱ्यात आपण त्या ६६ सेंटिमीटरच्या रस्त्यावर साडेपाच मिलिमीटर चालतो आणि प्लग वर येतो कागदाच्या दीड पान जाडीएवढा.

वाट बघताना मी विचारलं की इंजिन गरम करून बघू या का. काही मिस्त्री किंचित कोमट करून घेतात, आणि हिशेब त्यांच्या बाजूनं बोलतो: ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. तापमान ८० अंशांनी वाढलं तर १४ मिलिमीटरचं भोक प्लगपेक्षा सुमारे १२ मायक्रॉन जास्त मोठं होतं, केसाच्या पाचव्या-सहाव्या हिश्शाएवढं. पण तापलेल्या हेडमध्ये नरम ॲल्युमिनियम पोलादाला चिकटून फाटायचा धोका मोठा. प्लग निघतो, आणि त्याच्या अंगावर हेडचे आटे चांदीच्या तारेसारखे गुंडाळून येतात. म्हणून प्लग बनवणारेही गार इंजिनावरच काम करायला सांगतात. मिस्त्रींनी नुसती मान हलवली.

मग त्यांनी फळीवरचा एक पत्र्याचा डबा काढून दाखवला. आत मोडलेले प्लग. कुणाची पांढरी दांडी गेलेली, कुणाचा षटकोनच पिळवटून तुटलेला आणि आट्यांची नुसती बांगडी उरलेली. अशी बांगडी हेडमध्ये राहिली, तर आधी पांढऱ्या भागाचे सगळे तुकडे वेचावे लागतात, आणि इथं तो माणकाचा कठीणपणा आडवा येतो. सिलिंडरच्या भिंतीपेक्षा तो तुकडा कितीतरी कठीण. पिस्टनबरोबर वरखाली झाला तर भिंत खरवडून काढेल. लोहचुंबक त्याला धरत नाही, ॲल्युमिनियमच्या किसालाही धरत नाही. म्हणून पिस्टन वर आणून, दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतील अशा जागी इंजिन थांबवायचं, म्हणजे पडलेलं हाताशी राहतं, आणि बारीक नळीनं ते ओढून घ्यायचं. मग उलट्या आट्यांचा, निमुळता एक्स्ट्रॅक्टर बांगडीच्या पोटात हलकेच ठोकायचा. तो सोडायच्या दिशेनं फिरवला की आणखी आत रुततो आणि बांगडीला घेऊनच फिरतो. जास्त ठोकला तर मात्र बांगडी फुगून हेडला आणखी घट्ट बसते, आणि एक्स्ट्रॅक्टरच आत तुटला तर तो इतका कडक असतो की ड्रिल त्याला लागत नाही. मग हेड उतरवायचं.

हेडचेच आटे गेले असतील तर भोक थोडं मोठं करून नवे आटे पाडायचे. आटे पाडणाऱ्या टॅपच्या खाचांत ग्रीस भरायचं, म्हणजे किस त्यात चिकटून वर येतो. आणि त्या नव्या आट्यांत हेलिकॉइल फिरवायचं: स्टेनलेस स्टीलच्या तारेची स्प्रिंग, जिचा छेद चौकटच्या पत्त्यावरच्या खुणेसारखा असतो. बाहेरून ती हेडचे आटे धरते आणि आतून स्वतःच प्लगचे आटे बनते. विमानांच्या ॲल्युमिनियमच्या इंजिनांतही प्लगच्या भोकात अशी तार असते. दुरुस्त झालेला आटा पोलादी, मूळच्या नरम ॲल्युमिनियमपेक्षा दणकट होतो, ही मला या सगळ्या प्रकरणातली सगळ्यात दिलासा देणारी गोष्ट वाटते.

आमच्या तिसऱ्या प्लगला त्या डब्यात जायची वेळ आली नाही. सहाव्या की सातव्या खेपेला किरकिर बारीक झाली. मग ओलसर, तेलकट सरकण्याचा आवाज आला. मग आवाजच राहिला नाही. मिस्त्रींनी पाना काढला आणि उरलेले फेरे दोन बोटांनी, एखाद्या बाटलीचं झाकण उघडावं तसे, उलगडले.

प्लग त्यांनी उन्हात धरला. त्याच्या भावंडांची टोकं मारी बिस्किटाच्या रंगाची होती, म्हणजे तीन सिलिंडर उत्तम जळत होते. टोक काळं, कोरडं असतं तर पेट्रोल जास्त; ओलं, तेलकट असतं तर पिस्टनच्या रिंगा झिजलेल्या; पांढरंफटक, फोड आल्यासारखं असतं तर इंजिन फार तापतंय. या तिसऱ्याचं टोक काजळलेलं होतं, पण खरी खूण वर होती. षटकोनाभोवती गंजाचं तांबडं कडं, आणि पांढऱ्या अंगावर वरपासून खालपर्यंत पेन्सिलनं ओढावी तशी एक बारीक काळी रेघ.

“हे बघा तुमचं मिसिंग,” मिस्त्री म्हणाले. इंजिनावर पाण्याचा जोरदार फवारा मारून गाडी कुठंतरी धुतली गेली होती, कॉइलच्या रबरी टोपीला चीर होती, विहिरीत पाणी साचलं होतं. वीस-तीस हजार व्होल्टना आतल्या दाबलेल्या हवेपेक्षा बाहेरच्या ओल्या अंगावरून उतरणं सोपं वाटलं. चढावर हवा जास्त दाबली जाते, म्हणून चढावरच ठिणगी वाट चुकायची. ती रेघ म्हणजे तिची पायवाट. जाम होण्याचं कारण आणि मिसिंगचं कारण एकच, आणि दोन्ही त्या बोटभर अंगावर लिहिलेली.

भोकातले आटे चिंधीनं पुसून, आत दिवा धरून, मिस्त्रींनी एकेक बघितले. शाबूत होते. नव्या प्लगच्या आट्यांना त्यांनी ग्रीस लावलं नाही. त्यावर आधीच मुलामा असतो, आणि तेलकट आटे इतके सहज फिरतात की हाताला अंदाज न येता जास्त आवळले जातात. एनजीकेसारख्या प्लग बनवणाऱ्यांचाही हाच सल्ला आहे. मग त्यांनी प्लगच्या पांढऱ्या टोकावर पेट्रोलच्या जुन्या रबरी नळीचा वीतभर तुकडा चढवला आणि नळी दोन बोटांत धरून फिरवू लागले. आटे वाकडे लागले असते तर रबर जोर देऊ शकलं नसतं, नुसतं घसरलं असतं. ते घसरलं नाही. प्लग आपल्या घाटातून एकेक वळण घेत खाली उतरत गेला, पंधरा फेरे, आणि वायसर हेडला टेकला तेव्हा नळी अलगद प्लगवरून फिरली. मिस्त्रींनी नळी काढली, पाना लावला आणि अर्ध्या फेऱ्याहून थोडं जास्त आवळून हात बाजूला घेतला.